पूर यायच्या आधी घर कसं तयार ठेवायचं, पंचगंगा-कृष्णाकाठच्या घरांसाठी

करवीर, हातकणंगले, शिरोळ आणि पलीकडं मिरज, पलूस, वाळवा, या पट्ट्यात नदीकाठाला ज्यांचं घर आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. चिपळूण-महाडला पूर येतो तो बघता बघता काही तासांत येतो, तिथली तयारी वेगळी असते. आपल्याकडं पाणी हळूहळू चढतं आणि एकदा चढलं की कितीतरी दिवस उतरायचं नाव घेत नाही. म्हणजे आपल्याला वेळ मिळतो, आणि तो सगळा वेळ आपण "अजून कुठं आलंय पाणी" म्हणत घालवतो. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, घर कधी सोडायचं हे पाणी दारात बघून ठरवायचं नाही, ते फुटांवर आधीच ठरवायचं, मे-जूनमध्ये, सगळ्या घरानं एकत्र बसून. बाकीची तयारी त्या आकड्याच्या मागनं येते.

आपल्या घराचा आकडा काढा

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. सांगलीत आयर्विन पुलावर, तिथं ४० इशारा आणि ४५ धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजारामला ५५ फूट ७ इंच झालं होतं आणि दोनच वर्षांनी २०२१ च्या जुलैत त्याच्याही वर, ५६ फूट ३ इंच. हे आकडे इकडं लहान पोरांनाही पाठ असतात, पण राजारामला किती झालं की आपल्या गल्लीत पाणी येतं हे विचारलं तर घरात तीन माणसं तीन उत्तरं देतात. तेच आधी पक्कं करायचं.

एका कागदावर तीन आकडे काढा. पहिला, गावातनं बाहेर जायचा रस्ता किती फुटाला बंद होतो. दुसरा, गल्लीच्या तोंडाला पाणी कितीला लागतं. तिसरा, घराच्या जोत्याला कितीला लागतं. हे कुठं मिळणार तर घरातली म्हातारी माणसं, शेजारी, डेअरीला दूध घालणारे, एसटीचे ड्रायव्हर, ग्रामपंचायतीतले शिपाईमामा, यांच्याकडं. २०१९ आणि २०२१ च्या रेघा अजून भिंतींवर दिसतात, त्यांच्यापासून टेपनं खाली मोजत आलं तरी अंदाज येतो. अंदाजच म्हणतेय मी, कारण बंधाऱ्यावर एक फूट वाढलं म्हणजे तुमच्या गल्लीतही बरोबर एक फूट वाढेल असं नसतं, त्यामुळं दोन-तीन फूट हातचे धरायचे.

यातला पहिला आकडा सगळ्यात महत्त्वाचा. घरात पाणी यायच्या कितीतरी आधी रस्ता जातो, ओढ्यावरचा पूल जातो, आणि मग घर कोरडं असूनसुद्धा आपण अडकलेलोच असतो. तेव्हा निघायचा आकडा म्हणजे रस्त्याचा आकडा वजा दोन फूट. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर वजा तीन फूट किंवा इशारा पातळी, जे आधी येईल ते. मार्करनं स्वयंपाकघराच्या दाराच्या मागं मोठ्या अक्षरात लिहून टाका, "रस्ता एवढ्याला बंद, आपण एवढ्याला निघायचं", म्हणजे ऐनवेळी घरात वाद होत नाहीत. वाद होतातच, मामंजी म्हणतात मी नाही हलणार, पण त्यांनी स्वतः कबूल केलेला आकडा भिंतीवर असला की बोलायला तोंड राहतं.

चढायचा वेग पण बघत जा. तासाला दोन इंच हे ऐकायला काहीच वाटत नाही, पण त्याच वेगानं चोवीस तासांत चार फूट होतात, म्हणजे राजारामला इशारा पातळीवरनं धोका पातळीला एका दिवसात. रात्री झोपताना ३९ असेल आणि पाऊस थांबलेला नसेल तर सकाळी काय असेल याचा हिशोब झोपायच्या आधी करायचा.

शिरोळकडच्यांनी राजाराम आणि आयर्विन दोन्हीकडं लक्ष ठेवावं लागतं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. त्यामुळं कोल्हापुरात पाऊस उघडला, ऊन पडलं, तरी खाली आपल्याकडं पाणी चढतच असतं. ऊन बघून सामान परत खाली आणायची घाई करू नका. दुसरी खूण राधानगरीची. त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात आणि एकेका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत आणि तिथनं पंचगंगेत येतं. कितवा दरवाजा उघडला ही बातमी आली की आपल्या कागदाकडं बघायचं.

आणि मागची रेघ ही शेवटची रेघ नसते. कितीतरी घरांनी २००५ ची खूण बघून तिच्यावर सामान ठेवलं होतं आणि २०१९ ला ते सगळं पाण्यात गेलं. खुणेच्या वर निदान दोन-तीन फूट सोडूनच "सुरक्षित" म्हणायचं.

आधी कोण निघणार

इशारा पातळीला सगळं घर हलवणं प्रत्येकाला जमत नाही हे मला कळतं, जनावरं असतात, चोरीची भीती असते. पण काही माणसं तेव्हाच हललीच पाहिजेत. आठवा-नववा महिना लागलेल्या बायका, डायलिसिसवाले, ऑक्सिजनच्या मशीनवर असलेले, ज्यांना उचलून न्यावं लागतं ते, आणि लहान मुलं. यांना रस्ता चालू असताना पाहुण्यांकडं किंवा निवारा केंद्रात सोडून यायचं. नंतर बोट येईलच या भरवशावर राहायचं नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून लोक गेले, त्या बोटीत जास्त माणसं बसली होती. शेवटपर्यंत थांबलं की सगळे एकदम निघतात आणि एकाच बोटीवर गर्दी होते. बोटीत बसायची वेळ आलीच तर लाइफ जॅकेट मागा, नसेल तर झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन पोराच्या काखेत दोरीनं बांधा, आणि बोट भरली असेल तर पुढच्या फेरीला जा.

वाहत्या पाण्यातनं चालत जायचं टाळाच. गुडघाभर पाण्याला ओढ असेल तर धडधाकट माणूस पडतो, आणि खाली रस्ता आहे का वाहून गेलाय हे गढूळ पाण्यात दिसत नाही. पुलावरनं पाणी जात असेल तर बाईक, ट्रॅक्टर काहीच घालायचं नाही, पलीकडचा कितीही हात करून बोलवू दे.

निघायची पिशवी

ही जूनमध्येच भरून दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवायची. कागदपत्रं आधी, आधार, रेशनकार्ड, सातबारा, घराचा उतारा, बँक पासबुक, मुलांचे दाखले, विम्याचे कागद, दवाखान्याची फाइल. सगळं झिपवाल्या प्लॅस्टिक पिशवीत, ती परत दुसऱ्या पिशवीत. सगळ्याचे मोबाईलनं फोटो काढून बाहेरगावच्या एका नातेवाइकाला पाठवून ठेवा, डिजिलॉकरवर जे चढवता येतं ते चढवा. दागिने घरात ठेवून जायचे नाहीत, आणि वेळ असेल तर पावसाळ्याआधीच लॉकरला टाकलेले बरे.

औषधं निदान पंधरा दिवसांची. बीपी-शुगरच्या गोळ्या, चिठ्ठीचा फोटो, दम्याचा पंप. इन्सुलिन असेल तर लाईट गेल्यावर फ्रिजचा उपयोग नाही, छोट्या मातीच्या मडक्यात ठेवा, मडकं बाहेरनं ओलं राहू द्या, आणि बर्फाला थेट लावू नका, गोठलं की ते वाया जातं. सॅनिटरी पॅड, बाळाचे लंगोट, चष्मा, म्हाताऱ्यांची कवळी, या गोष्टी कुणाच्याच यादीत नसतात आणि निवारा केंद्रात गेल्यावर पहिल्या तासात आठवतात.

सुट्टे पैसे ठेवा, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. लाईट गेली की एटीएम बंद, नेटवर्क गेलं की फोनवरनं पैसे देणं बंद. नंबर कागदावर लिहा कारण फोन बंद पडला की आपल्याला नवऱ्याचासुद्धा नंबर आठवत नाही. ११२ आपत्कालीन, १०८ ॲम्ब्युलन्स, १०७७ जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष, त्याखाली तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई, वायरमन. पॉवर बँक चार्ज असू दे, टॉर्च सेलवर चालणारी असू दे. नेटवर्क कमजोर असलं की कॉल लागत नाही पण एसएमएस जातो, आणि "आम्ही अमुक ठिकाणी पोचलो" हा मेसेज बाहेरगावच्या त्याच एका नातेवाइकाला करायचा, बाकी सगळे त्याला विचारतील.

घरातलं सामान, कुठल्या क्रमानं

इथं बायकांचंच ऐका असं मी स्पष्ट म्हणते, कारण कशाशिवाय घर परत उभं राहत नाही हे त्यांनाच माहिती असतं. पुरुष माणसं टीव्ही आधी उचलतात. टीव्ही परत घेता येतो हो, वर्षाचं धान्य भिजलं तर ते वर्ष कसं काढायचं? आधी धान्य, डाळी, चटणीचा डबा, मुलांची वह्या-पुस्तकं, गाद्या-गोधड्या, शिलाई मशीन, मग बाकीचं.

धान्य पोत्यात असेल तर झाकणाच्या प्लॅस्टिक बॅरलमध्ये भरून झाकणाला टेप मारा. बॅरल भरलेलं आहे म्हणजे हलणार नाही असं धरू नका, पाण्यात ते तरंगून आडवं होतं, खांबाला किंवा खिडकीच्या गजाला बांधा. फ्रिजचं तेच, पाणी वाढलं की फ्रिज तरंगतो आणि उलटा होतो. तो वर नेता येत नसेल तर रिकामा करून दोरीनं बांधा. दिवाण, लाकडी कपाट फुगलं की दारं उघडत नाहीत, म्हणून आतलं सगळं आधीच काढून माळ्यावर. माळा किती वजन घेतो तेही बघा, जुन्या घराच्या पोटमाळ्यावर सगळी पोती चढवून वर माणसांनी बसायचं हे नको. मातीच्या भिंतीचं घर असेल तर वर थांबायचा विचारच करू नका, दोन-तीन दिवस पाण्यात राहिलेली मातीची भिंत कधी बसेल सांगता येत नाही.

गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढायचा, सिलिंडर वर न्यायचा किंवा साखळीनं बांधायचा. सिलिंडर पाण्यात तरंगतो, भरलेलासुद्धा. मेन स्विच पाणी जोत्याला लागायच्या आधी बंद, कोरड्या हातानं, पायात चप्पल घालून. पाणी आत आल्यावर बोर्डाजवळ जायचंच नाही. उन्हाळ्यात वायरमन बोलावून खालच्या मजल्याचे प्लग वर घेता आले आणि वरच्या मजल्याचा एमसीबी वेगळा करता आला तर फार बरं पडतं. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर असते, ती विसरू नका. संडास-बाथरूमच्या तोंडावर वाळूची पिशवी टाका, पाणी दारातनं यायच्या आधी तिथनं घाण घेऊन वर येतं. घरात खत, कीटकनाशक, तणनाशकाचे डबे असतात आपल्या सगळ्यांच्या, ते सगळ्यात उंच ठेवा, ते पाण्यात फुटले तर नंतर स्वच्छता करणाऱ्यालाच त्रास.

वरच्या टाक्या, पिंप, कळशा, पातेली भरून ठेवा. हे उलटं वाटेल पण पुरात सगळ्यात आधी पिण्याचं पाणीच तुटतं, पाणी उपसा केंद्रंच बुडतात. २०१९ ला, २०२१ ला कोल्हापूर शहरात दोन्ही वेळा नळ कोरडे होते. माणशी रोजचे तीन-चार लिटर फक्त पिण्याचे-स्वयंपाकाचे धरा आणि आठवड्याचा हिशोब करा. आणि गाडीत पेट्रोल पाणी चढायला लागलं तेव्हाच भरा. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता काही दिवस बंद राहिला, बाहेरनं टँकर येईनात, पेट्रोल, दूध, भाजी सगळ्याचीच ओढाताण झाली.

जनावरं

यावर थोडं जास्तच लिहिते, कारण लोक अडकतात ते जनावरांपायीच, आणि त्यांना दोष देता येत नाही, दारातली म्हैस म्हणजे घरातलं माणूस. म्हणूनच जनावरांचा आकडा माणसांच्या आधीचा ठेवायचा. जनावर पाण्यातनं चालवत नेणं वेगळं, कोरड्या रस्त्यानं नेणं वेगळं, आणि बोटीत म्हैस बसत नाही. कुणाच्या माळावर, कुणाच्या गोठ्यात न्यायची हे उन्हाळ्यातच बोलून ठेवा, वरच्या गावातल्या पाहुण्याला किंवा ओळखीच्या शेतकऱ्याला, तेव्हा मागाहून मागताना लाज वाटत नाही. शक्य असेल तर थोडा कडबा किंवा मूरघास आधीच तिकडं नेऊन टाका. ओली वैरण तर पुरात मिळतच नाही, ऊसही पाण्याखाली असतो.

कानातला बिल्ला आहे का बघा, नसेल तर जनावरांच्या दवाखान्यातनं मारून घ्या, प्रत्येक जनावराचा बिल्ल्यासकट फोटो काढा. नुकसानभरपाईला, विम्याला, आणि छावणीत जनावरं मिसळली तर ओळखायला, तिन्हीकडं लागतो. घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्याआधी दिलेली असावी. आणि काही केल्या नेता आलंच नाही तर जाताना दावं सोडायचं, गोठ्याचं दार उघडं ठेवायचं. मोकळं जनावर पोहत उंचावर जातं, बांधलेलं जागेवर बुडतं. कोंबड्यांची खुराडी, शेळ्या, दारातलं कुत्रं, सगळ्यांना हाच नियम.

वर थांबायचीच वेळ आली तर

आरसीसीचं दोन मजली घर आहे, ग्रामपंचायतीनं हलवायला सांगितलेलं नाही, आणि तुम्ही वर थांबायचं ठरवलंय, तर निदान हे असू दे: कोरडं खाणं (चिरमुरे, शेंगदाणे, गूळ, भडंग, दशम्या), छोटा स्टोव्ह, ओआरएसच्या पुड्या, शिट्टी, लाल किंवा भगवं मोठं कापड गच्चीवर दाखवायला, लांब दोरी, बादली झाकणासकट आणि प्लॅस्टिक पिशव्या संडाससाठी. गच्चीचं दार बाहेरनं कुलूप लावलेलं नसावं. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला आहे ते खडूनं खूण करून वेळ लिहित जा, त्यावरनं चढतंय का उतरतंय कळतं, कारण रात्री नुसतं बघून कळत नाही.

व्हॉट्सॲपवर "धरण फुटलं", "आज रात्री ६० फूट" असले मेसेज फिरतात. १०७७ ला विचारल्याशिवाय पुढं पाठवू नका, अंधारात पळापळ होऊन माणसं पडतात. हवामानाचं ऑरेंज, रेड अलर्ट आणि सरकारचं सचेत ॲप, एवढ्यावर भरवसा ठेवा.

पाणी उतरल्यावर

घरातली कुठलीही वस्तू हलवायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ. भिंतीवरची पाण्याची रेघ, प्रत्येक खोली, भिजलेलं धान्य, पडलेली भिंत, सगळं, साफ करायच्या आधी. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत घाण तशीच ठेवून राहता येत नाही, फोटो असले की साफसफाई सुरू करता येते. रेघेशेजारी तारीख आणि त्या दिवशीचं राजारामचं किंवा आयर्विनचं माप रंगानं लिहून ठेवा.

आत जाताना गमबूट, हातमोजे, हातात काठी. गाळात, गाद्यांच्या घडीत, चुलीत, कपाटाखाली साप असतात, नाग, घोणस, मण्यार, ते पण बिचारे जीव वाचवायला आलेले असतात. आधी काठीनं हलवायचं, मग हात घालायचा. चावलाच तर कापणं, चोखणं, दोरीनं करकचून आवळणं काहीही करू नका, चावलेला हात-पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखान्यात, सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथं असतं. मांत्रिकाकडं घालवलेला एक तास परत मिळत नाही.

गाळ ओला असतानाच खराट्यानं आणि फावड्यानं काढा, वाळला की सिमेंटसारखा बसतो. मग साध्या पाण्यानं धुऊन टीसीएल (ब्लीचिंग) पावडरच्या पाण्यानं फरशी, भिंतीचा खालचा भाग पुसा. टीसीएल आणि बाथरूमचं ॲसिड एकत्र कधीच करू नका, विषारी वायू होतो. पुराचं पाणी लागलेलं पीठ, डाळ, मसाले, उघडं तेल, भाजी, गोळ्या टाकून द्या, जीव तुटतो पण टाका. कापसाच्या गाद्या आतनं वाळत नाहीत, त्या पण. पायाला जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आणि पुराच्या पाण्यात राहिल्यानंतर ताप आला, अंग ठणकलं, डोळे लाल झाले तर "थकव्यानं आलंय" म्हणू नका, लेप्टो (उंदरांच्या लघवीतनं पाण्यात मिसळणारा आजार) असू शकतो, डॉक्टरला सांगा की पाण्यात होतो. प्यायचं पाणी चांगलं खळखळ उकळून, नाहीतर आशाताईंनी दिलेलं मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं औषध) बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकून. विहिरीचं, बोअरचं पाणी ग्रामपंचायतीनं शुद्ध करून तपासल्याशिवाय पिऊ नका.

लाईट स्वतः चालू करायची नाही. वायरमननं बोर्ड उघडून, वाळवून, तपासून मगच. मोटर, मिक्सर, फ्रिज पण दाखवूनच लावा. बाईक किंवा कार पाण्यात गेली असेल तर चालू होते का बघायला किल्ली फिरवू नका, इंजिनात पाणी ओढलं गेलं की खर्च कितीतरी वाढतो आणि विमा कंपन्याही त्यावरनं हुज्जत घालतात. बॅटरीची वायर काढा आणि टोचन करून गॅरेजला न्या.

विम्याचं म्हणाल तर २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं "भारत गृह रक्षा" नावाची घराची पॉलिसी मिळते, तिच्यात पूर येतो, घरासोबत आतलं सामानही धरता येतं. पाऊस तोंडावर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्येच घ्या, आणि क्लेम करायची वेळ आली तर कंपनीला लगेच कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेल्या वस्तू भंगारात देऊ नका, निदान त्यांचे नंबर दिसतील असे फोटो ठेवा. सरकारी मदतीसाठी नाव पंचनाम्यात आलंय का ते स्वतः चावडीत जाऊन बघा, भाड्यानं राहणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण घरमालकाचं नाव लागतं आणि सामान गेलेलं असतं भाडेकरूचं.